प्रकल्प नोंदी: डिस्क फाइलच्या पर्यायांची नवी मांडणी

(क्यूएमू म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या आज्ञा या वहीत वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या. ‘पेटी’ या आपल्या साधनाचे पर्याय मात्र खरोखरच देवनागरीत आहेत.)

३ फेब्रुवारी २०२५, देवगड

सोसायटीच्या ऑफिसातला आंब्याच्या हिशोबाचा प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणून ते एक्सपी डेबियन १२ या लिनक्सच्या मशीनवर क्यूएमूच्या आत, नेटवर्क न देता ठेवले आहे. बागायतदारांची नावे, पेट्यांचे नग, वाशीला गेलेला माल, उचल आणि बाकी असे सगळे त्या एका डिस्क फाइलमध्ये आहे. ती गेली तर सीझन गेला.

ही व्हर्च्युअल मशीन सुरू करणारी एक ओळ डेस्कटॉपवरच्या फाइलमध्ये आहे. कुणी, कधी लिहिली याचा त्यात उल्लेख नाही. ओळ अशी:

-एचडीए हिशोब.इमेज -एम ५१२

सुरू करताच टर्मिनलवर इशारा येतो: डिस्कचा फॉरमॅट सांगितलेला नाही, तो रॉ (स्वतःची काही रचना नसलेला) असावा असा अंदाज केला आहे, रॉ डिस्कच्या बाबतीत असा अंदाज धोक्याचा असतो, म्हणून पहिल्या ब्लॉकवरच्या लिखाणावर बंधन राहील. रोज सकाळी हा इशारा येतो आणि एक्सपीची खिडकी त्याच्यावर उघडते. कोण वाचणार!

काम ठरवले ते असे. या ओळीच्या जागी एक छोटे साधन लिहायचे. नाव ‘पेटी’. डिस्कबद्दल जे सांगायलाच हवे ते माणसाकडून स्पष्ट घ्यायचे, बाकीचे साधनाने भरायचे, आणि अंदाज कुठेच करायचा नाही. मार्चमध्ये आवक सुरू व्हायच्या आत ऑफिसात लावायचे.

५ फेब्रुवारी

आधी क्यूएमूचे पर्याय नीट लावून घेतले. हे प्रकरण एका झटक्यात बनलेले नाही, थरावर थर चढत गेलेले आहे, हे कळल्याशिवाय त्याच्यातली गुंतागुंत सुटत नाही.

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये क्यूएमू सुरू केले तेव्हा ‘-एचडीए’, ‘-एचडीबी’, ‘-सीडीरॉम’ असे साधे पर्याय होते. पर्याय लिहायचा आणि पुढे फाइल. हे इतके सुटसुटीत आहे की आजही लोक तेच वापरतात. पण ‘-एचडीए’ एका शब्दात तीन गोष्टी सांगतो: ही फाइल उघड, तिचा फॉरमॅट तूच ओळख, आणि गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनला, ती पहिल्या आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्कसारखी दाखव. यातली एखादीच बदलायची झाली तर जागा नाही. त्यासाठी ‘-ड्राइव्ह’ आला. त्यात फाइल, फॉरमॅट, जोडणी, कॅशे सगळे स्वल्पविरामांनी जोडून एका लांब माळेत. २००९ च्या डिसेंबरात ०.१२ आवृत्तीत ‘-डिव्हाइस’ आला आणि गेस्टला दिसणारे यंत्र होस्टवरच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनवरच्या, फाइलपासून वेगळे सांगता येऊ लागले. एप्रिल २०१७ च्या २.९ आवृत्तीत ‘-ब्लॉकडेव्ह’ आला. त्यात फाइलचा थर वेगळा, फॉरमॅटचा थर वेगळा, प्रत्येक थराला नाव देता येते आणि ड्रायव्हर सांगितल्याशिवाय तो पुढे सरकतच नाही.

विचार म्हणून ‘-ब्लॉकडेव्ह’ सगळ्यांत स्वच्छ आहे. हाताने लिहायला सगळ्यांत कठीणही तोच. म्हणून खाली तोच वापरायचा आणि वर माणसाला झेपेल अशी मांडणी द्यायची.

१० फेब्रुवारी

ऑफिसातल्या ताईंनी गेल्या वर्षीच्या डिस्कची प्रत काढून तिला नाव दिले आहे: ‘बागा, जामसंडे’. पुढे एक्स्टेन्शन. नाव अगदी रास्त आहे, कपाटातल्या फायलींवर त्या असेच लिहितात. ही प्रत ‘-ड्राइव्ह’ने उघडायला गेलो तर ‘बागा’ नावाची फाइल सापडत नाही म्हणतो.

ताई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, “अरे, फाइल समोर दिसता मां? मग ह्येका कशी गावणा नाय?”

“ताई, नावात स्वल्पविराम आसा. तो थंयच थांबता.”

“मी अवतरणात घातलंय ना नाव!”

ताईंचा मुद्दा बरोबर आहे. नावाला अवतरण लावले की ते एकसंध राहते अशी समजूत होणारच, कारण जागा सोडलेल्या नावाला तेच औषध लागू पडते. पण अवतरण शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये टंकलेली ओळ आधी हातात घेणारा प्रोग्रॅम, वाचते आणि काढून टाकते. क्यूएमूच्या हातात पडते ती अवतरण नसलेली माळ, आणि ती तो स्वतःच्या नियमाने स्वल्पविरामावर तोडतो. स्वल्पविरामाआधीचे तेवढे फाइलचे नाव, उरलेला तुकडा म्हणजे आणखी एक पर्याय. नियमाप्रमाणे नावातला स्वल्पविराम दोनदा लिहायला हवा: ‘बागा,, जामसंडे’. हे कागदपत्रांत लिहिलेले आहे, पण हिशोब लिहिणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवे अशी अपेक्षा धरणे मला पटत नाही.

अपूर्णविरामाचीही हीच रड. संध्याकाळच्या प्रतीला ‘प्रत १०:३०’ असे वेळेसकट नाव दिले तर ‘-ड्राइव्ह’ अपूर्णविरामाआधीचा भाग प्रोटोकॉल समजतो, कारण ‘एनबीडी:’ सारखे नेटवर्कवरचे पत्तेही त्याला त्याच जागी द्यायचे असतात. नावाआधी ‘./’ लावले की सुटते. पण पुन्हा तेच, जाणत्यालाच सुटते.

एकाच कप्प्यात फाइलचे नाव, नेटवर्कचा पत्ता आणि पर्यायांची यादी कोंबली की हे होणारच. नावाला स्वतःचा कप्पा हवा, आणि त्या कप्प्यात काहीही लिहिलेले असले तरी ते नावच.

१४ फेब्रुवारी

आज फॉरमॅटचे बघितले. याच्यावर वेळ घालवला, कारण सगळ्या कामाचे मूळ इथे आहे.

रॉ डिस्क म्हणजे गेस्टने लिहिलेले बाइट जसेच्या तसे. तिच्या डोक्यावर स्वतःची अशी काही खूण नसते. क्यूकाऊ२ या क्यूएमूच्या स्वतःच्या फॉरमॅटच्या फाइलच्या सुरुवातीला मात्र ठरलेली खूण असते, आणि तिच्या मागोमाग मागची फाइल कोणती, म्हणजे ही डिस्क कुठल्या मूळ फाइलवर आधारलेली आहे, तेही लिहिता येते. आता समजा डिस्क रॉ आहे, आणि सुरू करताना फॉरमॅट सांगितलेला नाही. गेस्टच्या आत बसलेला एखादा माणूस किंवा व्हायरस डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर क्यूकाऊ२ ची खूण लिहितो आणि मागची फाइल म्हणून होस्टवरच्या पासवर्डांच्या फाइलचा पत्ता टाकतो. पुढच्या वेळी मशीन सुरू झाली की क्यूएमू डोके बघून म्हणणार, ही तर क्यूकाऊ२. मग तो प्रामाणिकपणे होस्टवरची ती फाइल उघडून गेस्टच्या डिस्कमध्ये मांडून देणार. गेस्टने स्वतःच्या कुंपणाबाहेरचे वाचले.

हे कल्पनेतले नाही. २००८ साली सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२००८-२००४ या क्रमांकाने नेमकी हीच त्रुटी नोंदवली गेली. पहिल्या ब्लॉकवरच्या लिखाणाला बंधन आणि तो रोजचा इशारा हे सगळे त्यातूनच पुढे आले. पण बंधन हा तोडगा झाला. इलाज म्हणजे फॉरमॅट सांगणे.

निर्णय: ‘पेटी’त ‘--प्रकार’ दिल्याशिवाय डिस्क उघडणार नाही. एक्स्टेन्शन बघून ठरवायचे नाही, डोके बघूनही नाही. कणकवलीच्या मित्राने फोनवर सुचवले, “नवशिक्यांना जाच होईल रे, एक्स्टेन्शनवरून तरी घे.” त्याला सांगितले, ऑफिसात ‘.इमेज’ नावाच्या दोन फाइल आहेत, एक रॉ आणि एक क्यूकाऊ२. नाव बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. त्याला ते पटले.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. दुपारभर मांडणीवर बसलो.

तीन वाटा होत्या. पहिली, स्वल्पविरामाची माळ तशीच ठेवायची आणि नावातले स्वल्पविराम साधनाने दुप्पट करायचे. हे होण्यासारखे नाही, कारण माळ हातात आल्यावर कुठला स्वल्पविराम नावातला आणि कुठला पर्यायांमधला हे साधनाला तरी कसे कळणार? ते पुन्हा अंदाज करणेच झाले.

दुसरी, जेसन, म्हणजे महिरपी कंसांत नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या लिहायची पद्धत. ‘-ब्लॉकडेव्ह’ जेसन घेतो, ६.२ आवृत्तीपासून ‘-डिव्हाइस’ही घेतो. जेसनमध्ये नाव अवतरणात असते आणि ते अवतरण क्यूएमू स्वतः वाचतो, त्यामुळे स्वल्पविराम, अपूर्णविराम, जागा सगळे सुरक्षित. एका साधनाने दुसऱ्याशी बोलायला याच्याइतके चांगले काही नाही. पण माणसाने शेलमध्ये कंस, दुहेरी अवतरण, बाहेरून एकेरी अवतरण असे लिहायचे म्हणजे एक कंस सुटला की गाडी अडली.

तिसरी, प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र पर्याय, आणि ‘--डिस्क’ आला की नवा गट सुरू. पुढचा ‘--डिस्क’ येईपर्यंतचे सगळे त्याच डिस्कचे.

पेटी सुरू --स्मृती ५१२ --डिस्क "बागा, जामसंडे.इमेज" --प्रकार रॉ --जोडणी आयडीई --डिस्क "जुने दर.इमेज" --प्रकार क्यूकाऊ२ --जोडणी आयडीई --फक्त-वाचन

वाचताना सरळ वाचता येते. फोनवर सांगतानाही सांगता येते, आणि आमच्याकडे अर्धी दुरुस्ती फोनवरच होते. शेलचे अवतरण जे काम करते असे लोकांना वाटते, तेच काम ते इथे खरोखर करते, कारण नाव हा स्वतंत्र शब्द म्हणून साधनाला मिळतो आणि साधन तो पुन्हा कुठेही तोडत नाही.

तिसरी वाट धरली. गटाचा एकच नियम कडक ठेवला: ‘--डिस्क’च्या आधी ‘--प्रकार’ आला तर थांबायचे. ‘तुम्हाला पहिल्या डिस्कचा म्हणायचा असेल’ असले काही समजून घ्यायचे नाही.

साधन पायथनमध्ये लिहितोय. एक सुखाची गोष्ट: पायथन देवनागरी आकडे थेट संख्या म्हणून घेतो. ‘--स्मृती ५१२’ साठी वेगळे काही करावे लागले नाही.

२१ फेब्रुवारी

खालची बाजू जुळली. ‘पेटी’ प्रत्येक डिस्कसाठी एक ‘-ब्लॉकडेव्ह’ आणि एक ‘-डिव्हाइस’ तयार करते. जामसंडेच्या प्रतीचा पहिला असा होतो:

{"ड्रायव्हर": "रॉ", "नोड-नेम": "डी०", "फाइल": {"ड्रायव्हर": "फाइल", "फाइलनेम": "बागा, जामसंडे.इमेज"}}

आतला थर होस्टवरची फाइल उघडतो, बाहेरचा तिच्यातला फॉरमॅट वाचतो, आणि ‘डी०’ हे नाव ‘-डिव्हाइस’ला दिले की आयडीई डिस्क त्याला जोडली जाते. नोडचे, म्हणजे थराचे, नाव मराठीत ठेवायची इच्छा होती, पण तिथे सुरुवातीला रोमन अक्षर लागते, आणि पुढे रोमन अक्षरे, आकडे, जोडरेघ, टिंब आणि अधोरेघ एवढेच चालते. लांबीलाही ३१ अक्षरांची मर्यादा आहे. तेव्हा आतली नावे साधन देणार आणि माणसाला दाखवताना मूळ फाइलचे नाव दाखवणार.

आज्ञा शेलमधून न जाता थेट शब्दांची यादी म्हणून क्यूएमूला दिली आहे. मध्ये कुणी पुन्हा तोडायला नको.

‘--दाखव’ असा एक पर्यायही ठेवला. तो दिला की काहीही सुरू न करता तयार झालेली पूर्ण आज्ञा छापली जाते. उद्या ‘पेटी’ नसली तरी मशीन हाताने सुरू करता आली पाहिजे. सोसायटीला माझ्या साधनाशी बांधून ठेवायचे नाही.

२५ फेब्रुवारी

जोडणीबद्दल एक नोंद. व्हर्टआयओ ही खास व्हर्च्युअल मशीनसाठी केलेली जोडणी वेगवान आहे म्हणून एक्सपीला तीच द्यावी असे कुणालाही वाटेल. एक्सपीत तिचा ड्रायव्हर मुळात नसतो. चालू असलेल्या एक्सपीची बूट डिस्क आयडीईवरून उचलून तिकडे नेली की निळा पडदा येतो, शेवटी ७बी असलेला कोड, म्हणजे बूटची डिस्कच सापडत नाही. म्हणून ‘--जोडणी’लाही डिफॉल्ट ठेवला नाही. नव्या लिनक्स गेस्टला व्हर्टआयओ, या एक्सपीला आयडीई. लिहायला एक शब्द लागतो, तो लिहावा.

२८ फेब्रुवारी

आजचे प्रकरण निखळ मराठी आहे आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते.

ताईंनी एक डिस्क केली, ‘व्यापाऱ्यांची खाती’. ‘पेटी’ म्हणते, अशी फाइल नाही. फोल्डरमध्ये तर डोळ्यांना दिसते आहे. दोन्ही नावे शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघितले, तसूभर फरक नाही. मग बाइट काढून बघितले. फोल्डरमधल्या नावात ‘ऱ्य’ हे नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून लिहिले आहे. टर्मिनलमध्ये टंकलेल्या नावात तेच साधा ‘र’, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारी जोडखूण) असे आले आहे. दोन वेगळे कीबोर्ड, दोन वेगळ्या सवयी. पडद्यावर तोच अर्धा ‘र’, पोटात बाइट वेगळे. शिवाय ‘ऱ’ स्वतःही दोन प्रकारे साठवता येतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा ‘र’ अधिक नुक्ता म्हणून. लिनक्सची फाइलप्रणाली यातले काहीच एक मानत नाही, तिला फक्त बाइट कळतात.

युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने अखंड ‘ऱ’ आणि नुक्त्याचा ‘ऱ’ एक होतात, पण जोडकाचा ‘ऱ्य’ वेगळाच राहतो, कारण युनिकोड त्याला समतुल्य धरत नाही. म्हणून तेवढे रूपांतर वेगळे लिहावे लागले.

मग प्रश्न आला, सापडलेली फाइल साधनाने परस्पर उघडावी का? नाही. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही रूपांच्या दोन फाइल असू शकतात आणि चुकीची उघडली तर हिशोब चुकीच्या खात्यात लिहिला जाईल. ‘पेटी’ आता म्हणते: या नावाची फाइल नाही, दिसायला हेच नाव असलेली एक फाइल इथे आहे, तिचे नाव साध्या रूपात बदलायचे असेल तर ‘पेटी नाव-सुधार’ चालवा. सांगायचे सगळे, करायचे माणसाने.

दऱ्या, वाऱ्या, किनाऱ्या, शेतकऱ्या, व्यापाऱ्या. आपल्या शब्दांत हा अर्धा ‘र’ पावलोपावली आहे. फाइलच्या नावांवर चालणारे कुठलेही साधन मराठी माणसाच्या हाती द्यायचे तर ही चाचणी त्यात असलीच पाहिजे.

४ मार्च

दुसऱ्या कॉम्प्युटरवरची सुरुवातीची ओळ बघितली. तिच्यात ‘कॅशे=अनसेफ’ आहे. वाचून हातपाय गार पडले.

कॅशेचा अर्थ इथे लिहून ठेवतो. गेस्ट काही लिहितो तेव्हा ते आधी होस्टच्या मेमरीत जाते. नंतर गेस्ट म्हणतो, आता हे खरोखर डिस्कवर उतरव. याला फ्लश म्हणतात. ‘राइटबॅक’मध्ये हा फ्लश पाळला जातो, आजचा डिफॉल्ट तोच आहे आणि तो ठीक आहे. ‘राइटथ्रू’मध्ये प्रत्येक लिखाणाबरोबर उतरवले जाते, हळू पण घट्ट. ‘नन’मध्ये होस्टची कॅशे बाजूला ठेवली जाते, फ्लश मात्र पाळला जातो. ‘अनसेफ’मध्ये फ्लश कानाआड केला जातो. गेस्टला ‘झाले’ सांगायचे आणि डिस्कवर उतरेल तेव्हा उतरेल. नवी यंत्रणा बसवताना याने तास वाचतो, आणि वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून बसवता येते. हिशोबाच्या डिस्कला मात्र हे विष आहे. वळवाच्या पावसात आमच्याकडे वीज दिवसाला चारदा जाते आणि यूपीएसची बॅटरी सगळ्यांचीच नवी नसते.

‘अनसेफ’ हे नाव स्पष्ट आहे, पण माळेच्या मध्यावर सातव्या क्रमांकाला ते दबून जाते. ‘-ब्लॉकडेव्ह’मध्ये याचे दोन वेगळे भाग होतात: होस्टची कॅशे टाळायची का, आणि फ्लश सोडायचा का. ही फोड मला आवडली. ‘पेटी’त फ्लश सोडण्याचा पर्याय फक्त ‘--तात्पुरती’ अशी खूण असलेल्या डिस्कलाच मिळतो. तशी डिस्क सुरू होताना वर लाल ओळ येते: वीज गेल्यास ही डिस्क खराब होऊ शकते. त्या कॉम्प्युटरवरची जुनी ओळ आजच काढली.

१३ मार्च

शिमगा. ऑफिस बंद, पालखी दारात येणार आहे, आज एवढेच: ‘-ड्राइव्ह’मध्ये ‘रीडओन्ली’ जोडून लिहायचे, ‘-ब्लॉकडेव्ह’मध्ये ‘रीड-ओन्ली’ मध्ये रेघ देऊन. आणि नुसते ‘रीडओन्ली’ लिहून सोडायची जुनी सवय ६.० आवृत्तीपासून कालबाह्य ठरवली आहे, पुढे ‘=ऑन’ लिहिणे अपेक्षित आहे. ‘पेटी’त ‘--फक्त-वाचन’ एकच.

२२ मार्च, कुडाळ

इथे एका प्रशिक्षण वर्गात मुलांना लिनक्स शिकवतात. प्रत्येक मुलाला वेगळी मशीन हवी, पण प्रत्येकी पूर्ण डिस्क द्यायला जागा नाही. म्हणून एक मूळ डिस्क आणि तिच्यावर प्रत्येकाची पातळ क्यूकाऊ२ फाइल. मुलाने बदललेले तेवढेच त्याच्या फाइलमध्ये जाते, बाकीचे मुळातून वाचले जाते.

तीन मुलांच्या मशीन सुरू होईनात. कारण निघाले ते हे: कुणीतरी अपडेट करायला म्हणून मूळ डिस्कच सरळ सुरू केली होती. मुळातले ब्लॉक बदलले की वरच्या फाइलींचा हिशोब जुन्या ब्लॉकांशी लागत नाही, आणि फाइलप्रणाली विस्कटते. २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून क्यूएमू फाइलवर कुलूप लावतो, त्यामुळे मुलांच्या मशीन चालू असताना मूळ डिस्क लिहिण्यासाठी उघडत नाही. पण सगळ्या बंद असताना कुणी उघडली तर ते कुलूप काय करणार?

दोन गोष्टी केल्या. ‘पेटी मूळ’ या आज्ञेने फाइल मूळ म्हणून जाहीर केली की तिच्यावरची लिहिण्याची परवानगीच काढून घेतली जाते. आणि ‘पेटी’ अशा फाइलला ‘--फक्त-वाचन’शिवाय हात लावत नाही.

नवी पातळ फाइल करतानाही मुळाचा फॉरमॅट सांगणे सक्तीचे. क्यूएमू-इमेज या क्यूएमूच्याच डिस्क फाइली बनवणाऱ्या साधनाने स्वतःच ६.१ आवृत्तीत हे सक्तीचे केले, ते बघून बरे वाटले. जो धोका १४ फेब्रुवारीच्या नोंदीत आहे तोच मागच्या फाइलच्या वाटेनेही येतो.

क्यूएमू-इमेजच्या एकाक्षरी पर्यायांबद्दल मात्र मनापासून तक्रार आहे. नवी फाइल करताना छोटा (छोट्या रोमन अक्षरातला) ‘-एफ’ म्हणजे होणाऱ्या फाइलचा फॉरमॅट. रूपांतर करताना तोच ‘-एफ’ म्हणजे आधीच्या फाइलचा, आणि होणाऱ्या फाइलचा मोठा ‘-ओ’. करताना मोठा ‘-एफ’ म्हणजे मुळाचा, तर दोन फाइली ताडून बघताना तोच दुसऱ्या फाइलचा. वर्गातल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर याचा तक्ता करून ठेवला होता. तक्ता करावा लागतो याचा अर्थ मांडणीत दोष आहे. ‘पेटी’त सगळीकडे ‘--कशातून’, ‘--कशात’ आणि ‘--मुळाचा-प्रकार’ हेच तीन शब्द राहतील, आज्ञा कुठलीही असो. त्या मुलीलाच विचारून शब्द ठरवले. ‘स्रोत’ आणि ‘लक्ष्य’ तिने नको म्हटले.

८ एप्रिल

आवक जोरात. ऑफिसात रात्री दहापर्यंत पेट्या भरतात. साधनाला हात लावलेला नाही आणि सीझन संपेपर्यंत लावणार नाही. हिशोबाची डिस्क अजून रॉच आहे, ती क्यूकाऊ२ करायचे काम पावसाळ्यात.

२६ मे

पाऊस काल देवगडात पोचला, मे संपायच्या आत. त्याआधीचा आठवडाभर वाऱ्यापावसाने वीज येत-जात होती. परवा दुपारी तर बिले छापता छापता मशीन धाडकन बंद झाली, यूपीएसही संपला होता. ताईंचा फोन आला, “येशील मां? माझो जीव थाऱ्यार नाय.”

जाऊन बघितले. एक्सपीने सुरू होताना डिस्क तपासली, दोन तात्पुरत्या फाइली काढून टाकल्या. शेवटचे छापलेले बिल प्रोग्रॅममध्ये होते. छापायचे राहिलेले एक अर्धवट होते, ते ताईंनी पुन्हा केले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर जुनी ओळ तशीच असती तर काय झाले असते ते सांगता येत नाही, पण मला तो जुगार खेळायचा नव्हता.

इथे रॉची एक उणीव दिसली. क्यूएमू-इमेजची तपासणी रॉ फाइलवर चालत नाही, तपासायला तिच्यात स्वतःची रचनाच नसते. क्यूकाऊ२ ची चालते.

९ जून

हिशोबाची डिस्क क्यूकाऊ२ केली. आधी प्रत, मग रूपांतर, मग दोन्ही ताडून बघितल्या, एकसारख्या निघाल्या. मूळ रॉ फाइल लिहिण्याची परवानगी काढून बाजूला ठेवली आहे, दिवाळीपर्यंत पुसायची नाही असे तिच्या नावातच लिहिले: ‘हिशोब, जुनी, दिवाळीपर्यंत ठेवणे’. दोन स्वल्पविरामांचे नाव. ‘पेटी’ने ते निमूट उघडले.

‘पेटी’ची चूक सांगणारी वाक्ये ताईंसमोर बसून पुन्हा लिहिली. प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी हव्यात असे ठरले: काय मिळाले नाही, ते कुठे लिहायचे, आणि लिहिलेले एक उदाहरण. प्रकार न दिल्यास आता असे येते:

‘बागा, जामसंडे.इमेज’ या डिस्कचा प्रकार सांगितलेला नाही. डिस्कच्या नावानंतर --प्रकार रॉ किंवा --प्रकार क्यूकाऊ२ असे लिहा. माहीत नसल्यास डिस्क उघडू नका, आधी विचारा.

शेवटचे वाक्य ताईंचे आहे. कुणाला विचारायचे तेही त्यांनी घालायला लावले, त्यामुळे ऑफिसच्या प्रतीत माझा नंबर आहे.

पुढची कामे: कुडाळच्या वर्गात मूळ डिस्क नव्या फोल्डरमध्ये हलवायची आहे. पातळ फाइलमध्ये मुळाचा पत्ता सापेक्ष असेल तर तो पातळ फाइलच्या फोल्डरपासून मोजला जातो, मशीन जिथून सुरू केली तिथून नव्हे. म्हणजे हलवल्यावर प्रत्येक पातळ फाइलमधला पत्ता बदलावा लागेल. क्यूएमू-इमेजच्या रीबेसला छोटा ‘-यू’ दिला तर तो फक्त पत्ता बदलतो, आतला मजकूर ताडून बघत नाही. चुकीचे मूळ दिले तरी तो हूं की चूं करणार नाही. तेव्हा ‘पेटी मूळ-हलव’ लिहिताना जुने आणि नवे मूळ आधी ताडून बघायचे, जुळले तरच पत्ता बदलायचा. ताडायला वेळ लागेल, लागू दे. हे जुलैत, वर्ग सुरू व्हायच्या आत.